उतरवलेली टूरिंग सीट आणि तिची खरी किंमत

जुनी मोटारसायकल विकायला काढली की घेणारा आधी मॉडेलचे वर्ष विचारतो, मग किती किलोमीटर चालली ते, आणि मग कागदपत्रे. नंतर हौसेने बसवलेली टूरिंग सीट, क्रॅश गार्ड, सामानाचे कॅरिअर हे सगळे तो कौतुकाने न्याहाळतो, पण भाव ठरवताना त्याचा एक रुपयाही धरत नाही. चंद्रपूरच्या बाजारात हेच होते आणि नागपूर-पुण्यातही यापेक्षा वेगळे होत नाही. म्हणून जाणता मालक गाडी दाखवण्याआधीच माळ्यावरची कंपनीची मूळ सीट खाली काढतो, ती पुन्हा बसवतो आणि टूरिंग सीट वेगळी विकतो. मूळ सीट जपून ठेवली असेल तरच हे जमते. ती आधीच कुणाला देऊन टाकली असेल, तर टूरिंग सीट गाडीबरोबर फुकट जाते.

वेगळी काढलेली सीट विकणे मात्र दिसते तितके सोपे नाही. इंजिन सुरू करून आवाज ऐकता येतो, टायरची नक्षी बोटाने चाचपता येते, साखळी ओढून पाहता येते. सीटचे सगळे महत्त्वाचे भाग रेक्झिनखाली झाकलेले असतात. शिवाय ती चांगली की वाईट, हे थोडेफार घेणाऱ्याच्या शरीरावरही अवलंबून असते. एकाला जी सीट दिवसभर सोसली, ती दुसऱ्याला तासाभरात नकोशी होऊ शकते. त्यामुळे जुन्या सीटला चांगला भाव मिळवून देणारी गोष्ट रेक्झिनच्या चकाकीत नसते. सीटच्या आत काय आहे, तिच्यावर कोण बसले, ती कुठल्या रस्त्यांवर चालली आणि कुठे उभी राहिली, एवढे विकणाऱ्याने नीट आणि खरे सांगितले, तर भाव येतो. हे सांगायचे तर सीट म्हणजे काय हे आधी कळले पाहिजे.

आपल्याकडच्या रस्त्यांपासून सुरुवात करतो, कारण टूरिंग सीटची गरज तिथेच उभी राहते. चंद्रपूरहून भामरागडला जायचे तर बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा जवळपास पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. आष्टी-आलापल्ली भागात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात आणि त्यांच्या चाकोऱ्या दुचाकीवाल्याला सांभाळाव्या लागतात. आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंच्याकडे जाणारा रस्ता कित्येक वर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला गेला. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत लांबच लांब पसरला आहे, आणि सगळ्या जिल्ह्याला आजवर रेल्वेचे स्टेशन म्हणून मिळाले ते वडसा. बाकी प्रवास एसटीने, जीपने, नाहीतर दुचाकीने.

टूरिंग हा शब्द ऐकला की लडाखला निघालेले तरुण डोळ्यांपुढे येतात. इथे त्याचा अर्थ निराळा आहे. रोज जंगलातून वस्तीशाळेवर जाणारे गुरुजी, फिरस्तीवरचा वनरक्षक, चार गावे सांभाळणारा ग्रामसेवक, लसींचा डबा घेऊन निघालेला आरोग्य कर्मचारी हे आपल्या भागातले खरे लांब पल्ल्याचे स्वार आहेत. हौशी प्रवासी वर्षातून एखाद्या वेळी जेवढी गाडी हाकतो, तेवढी यांची महिन्या-दोन महिन्यांत होते. तरी चांगली सीट विकत घेण्याचा विचार हौशी माणूस करतो आणि हे लोक पाठदुखीवर मलम चोळत राहतात, याचे मला फार वाईट वाटते. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या दवाखान्यात पाठीच्या कण्याच्या रुग्णांसाठी मुंबईहून तज्ज्ञ डॉक्टर येतात, यावरून या दुखण्याचे गांभीर्य कळते. त्याला शेतीतले वाकणे, ओझी वाहणे अशी अनेक कारणे आहेत, पण तासन्‌तास हादरे खात बसणे हेही त्यातले एक.

बसलेल्या माणसाचे वजन मुख्यतः दोन हाडांवर येते. कमरेच्या हाडाच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक गोलसर टोक असते. कठीण बाकावर बसून हात खाली सरकवला तर ती टोके बोटांना लागतात. सीटचे पहिले काम या दोन टोकांवरचा भार आजूबाजूच्या मांसल भागावर पसरवणे. भार एका जागी साचला की त्या ठिकाणचे बारीक रक्तमार्ग दबतात, आधी मुंग्या येतात, मग आग होते आणि स्वार नकळत एका कुल्ल्यावर झुकून बसू लागतो. तो तिरपेपणा पुढे कंबरेला महागात पडतो.

सीटचे दुसरे काम हादरे गाळण्याचे. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी वर-खाली हालचाल सगळ्यात जास्त बाधते. शरीराला बसणाऱ्या कंपनांच्या मोजमापासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१, तेही याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व देते. खड्ड्या-उंचवट्यांचे हादरे नेमके इथे येतात. इंजिनची थरथर वेगळी असते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनची थरथर सेकंदाला पन्नास वेळा होते. ही बारीक थरथर फोम सहज खाऊन टाकतो. खड्ड्यांचे मोठे, संथ हादरे मात्र फोम पूर्णपणे थांबवू शकत नाही, आणि फार मऊ फोम तर ते वाढवतोसुद्धा, कारण स्वार त्यावर वर-खाली झुलू लागतो. ते काम शॉकअब्सॉर्बरचे. सस्पेन्शन बसलेल्या गाडीवर कितीही महागाची सीट घातली तरी पाठ सुटत नाही, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधीच सांगावे. नाहीतर आठवड्याने तो तक्रार घेऊन येतो आणि त्यात सीटचा काहीच दोष नसतो.

दुकानात दोन मिनिटे बसून सीट निवडण्यात फसगत होते ती इथेच. मऊ सीट पहिल्या पाच मिनिटांत लोण्यासारखी वाटते. अर्ध्या-पाऊण तासात तिचा फोम पार दबतो, हाडांची टोके तळाच्या पत्र्यापर्यंत पोचतात, आणि मग ती नसल्यातच जमा. चांगली टूरिंग सीट पहिल्या बसण्यात थोडी कठीणच वाटते. तिची खरी ओळख रुंदी आणि आकारात असते. मागच्या बाजूला, जिथे हाडे टेकतात, तिथे ती पसरट असते, पुढे टाकीकडे निमुळती होते, आणि तिच्या मधल्या खोलगटपणामुळे स्वार ब्रेक दाबताना पुढे घसरत नाही.

आता सीट उलटी करून तिच्या पोटात काय आहे ते पाहू. सगळ्यात खाली बेस असतो, जुन्या बनावटीत लोखंडी पत्र्याचा, अलीकडे बहुतेक प्लास्टिकचा. त्याला सीट लॉक होण्याचा हुक, गाडीच्या सांगाड्यावर टेकणारे रबरी बुश आणि काही मॉडेलांत नट-बोल्टची जागा असते. बेसवर साच्यात घडवलेला फोम बसतो आणि त्यावर रेक्झिन ताणून कडेने पिना मारतात.

हा फोम पॉलियुरेथेनचा. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनची रसायनविद्या शोधली आणि आज आपण गाद्यांपासून मोटारींपर्यंत तिच्यावरच बसतो. बाजारात फोमची ‘डेन्सिटी’ सांगतात. एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो भरले तर तो ४० डेन्सिटीचा. बरेच जण डेन्सिटी आणि कठीणपणा एकच समजतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटीवरून फोम किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो, कठीणपणावरून तो किती दबेल हे कळते. जड पण मऊ फोमही बनवता येतो आणि हलका पण कडकही. हलका कडक फोम सुरुवातीला छान उचलून धरतो आणि लवकर बसतो. टूरिंग सीटवर पैसे जातात ते मुख्यतः जास्त डेन्सिटीच्या साच्यातल्या फोमवर, निदान जायला हवेत.

फोमखेरीज सीटमध्ये आणखी दोन-तीन गोष्टी आढळतात. जेलचा पॅड भार चांगला पसरवतो, पण तो जड असतो आणि उष्णता धरून ठेवतो. मेमरी फोमचा जन्म अमेरिकेत नासाच्या कामासाठी झाला. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी तो विकसित केला. तो तापमानाप्रमाणे वागतो. थंडीत ताठर होतो आणि उष्णतेत गरजेपेक्षा मऊ पडतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जाणे नवलाचे नाही, तेव्हा उन्हात उभ्या काळ्या सीटमध्ये या फोमचे काय होत असेल ते ओळखता येते. त्यामुळे आपल्या भागात मेमरी फोमची सीट महाग म्हणून चांगली, असे मी कुणाला सांगणार नाही. तिसरा प्रकार हवेच्या गादीचा. रॉबर्ट ग्रेब या अमेरिकी अभियंत्याने चाकाच्या खुर्चीवर दिवसेंदिवस बसणाऱ्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून एकमेकांना जोडलेल्या रबरी कप्प्यांची गादी तयार केली. एका कप्प्यावर दाब आला की हवा शेजारच्या कप्प्यात सरकते. तीच कल्पना पुढे मोटारसायकलवर आली. पट्ट्याने बांधायची ही गादी जवळपास कुठल्याही गाडीवर बसते, म्हणून जुनी विकायलाही ती सगळ्यात सोपी. स्प्लेंडर चालवणारे गुरुजीसुद्धा तिचे गिऱ्हाईक होऊ शकतात.

सीट कशाने मरते याचे आपल्या जिल्ह्यांपुरते उत्तर द्यायचे तर ऊन आणि पाणी. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा देणारा अंश हळूहळू निघून जातो, ते आधी टणक होते, मग कडांवर आणि शिवणीजवळ बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून जून ते सप्टेंबरचा पाऊस आत शिरतो. पॉलियुरेथेन फोम उघड्या छिद्रांचा असल्याने पाणी एकदा आत गेले की वरच्या बाजूने सुकत नाही. खालून लोखंडी बेस गंजतो, पिना गंजून तुटतात, फोमला कुबट वास येतो. सीटच्या वरच्या अंगाला जितकी जास्त शिवण, तितकी सुईची भोके जास्त आणि पाणी शिरायच्या वाटाही जास्त. चौकटी-चौकटींची नक्षी असलेली सीट फोटोत उठून दिसते, पण आलापल्लीच्या पावसाळ्यात ती साध्या सीटपेक्षा लवकर भिजते. चांगला कारागीर रेक्झिनखाली पातळ प्लास्टिकचा कागद घालतो, तो असेल तर जाहिरातीत अवश्य सांगावे. याशिवाय घरात ठेवलेल्या सीटला उंदीर आणि मुंग्या, बाहेर उभ्या गाडीला मांजर, कुत्रा आणि वानर. वानराच्या नखाचा एक ओरखडा वरवर क्षुल्लक दिसतो, पण तिथून पुढच्या पावसाची सुरुवात होते.

म्हणून इथला जाणता गिऱ्हाईक सीटचा वरचा भाग पाहून झाला की लगेच म्हणतो, “भाऊ, सीट तं मस्त दिसते, पण खालून दाखवा न.” तो अगदी बरोबर मागतो. विकणाऱ्याने ही वेळ येण्याआधीच स्वतः तपासणी करून ठेवावी. सीट उलटी करून पिनांची ओळ पाहावी. पिना चकचकीत असतील तर सीट कोरडी राहिली, तांबूस असतील तर पाणी आत गेले होते. बुश सगळे आहेत का, हुक वाकलेला किंवा झिजलेला आहे का, प्लास्टिकच्या बेसला बोल्टच्या भोवती तडे आहेत का, हे पाहावे. बोल्टभोवतीचा तडा ही गंभीर गोष्ट आहे. चालत्या गाडीवर सीट सरकली तर स्वार पडू शकतो, म्हणून अशी सीट दुरुस्त केल्याशिवाय विकूच नये. मग सीट सरळ ठेवून तिच्यावर आडवी एक सरळ पट्टी धरावी. बसायच्या जागी पट्टीखाली किती पोकळी राहते त्यावरून फोम किती बसला ते कळते, मात्र मूळ आकारातला खोलगटपणा वजा करून. शेवटी मूठ दाबून सोडावी. फोम लगेच वर आला तर त्यात जीव आहे. खड्डा तसाच राहिला आणि हळूहळू भरला, तर मेमरी फोम आहे किंवा फोम थकला आहे. शिवणीजवळ दाबल्यावर ओलावा आला, तर सीट विकायची नाही, आधी वाळवायची. भर उन्हात रेक्झिन वर करून नव्हे, सावलीत, वाऱ्यावर, उलटी ठेवून.

यापेक्षा मोठा घोटाळा मापाचा होतो. गिऱ्हाईकाने ‘क्लासिक ३५०’ म्हटले आणि विकणाऱ्यानेही ‘क्लासिक ३५०’ म्हटले, तरी सीट बसेलच असे नाही. रॉयल एन्फिल्डने सप्टेंबर २०२१ मध्ये नवी क्लासिक ३५० आणली, तिचा सांगाडा आणि इंजिन दोन्ही जुन्या क्लासिकपेक्षा वेगळी आहेत. नाव तेच राहिले, सीटची बैठक बदलली. बुलेटचेही २०२३ मध्ये तसेच झाले. हिमालयनमध्ये २०१६ पासूनची ४११ सीसीची आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५० अशा दोन पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत. मद्रासमध्ये १९५५ साली बुलेट भारतात जुळवायला सुरुवात झाली तेव्हा स्वाराची सीट स्प्रिंगवर आणि मागच्याची वेगळी गादी अशी रचना परिचयाची होती, आणि आजही काही टूरिंग सीटमध्ये स्वाराची आणि मागच्याची सीट निराळी असते. म्हणून विकताना गाडीचे नाव, वर्ष, सीसी, सीट एकसंध आहे की दोन तुकड्यांची, मागची सीट सोबत आहे की नाही आणि सोबतचे ब्रॅकेट-बोल्ट आहेत का, एवढे लिहिल्याशिवाय जाहिरात पूर्ण होत नाही. कंपनीची अस्सल सीट असेल तर खालच्या बाजूला पार्ट नंबर असतो. त्याचा स्पष्ट फोटो दिला तर अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

उंचीचाही विचार सांगावा. नव्या क्लासिकची मूळ सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर उंच आहे, हिमालयन ४५० ची ८२५ ते ८४५ मिलिमीटर अशी बदलता येते. टूरिंग सीटची जाडी थोडी जास्त असेल तर ही उंची वाढते, आणि पुढची रुंदी जास्त असेल तर मांड्या फाकल्यामुळे पाय आणखी कमी पोचतात. डांबरी रस्त्यावर हे चालून जाते. पाणी वाहत असलेल्या रपट्यावर, शेवाळलेल्या सिमेंटवर गाडी थांबवावी लागली की पाय पूर्ण टेकणे हा सुरक्षेचा प्रश्न होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद होत आली, पण त्याहून लहान कितीतरी नाले असे आहेत की लोक गुडघाभर पाण्यातून गाडी काढतात. पाणी ओसरेपर्यंत काढू नये, हे मात्र ठामपणे म्हणतो.

आता किमतीकडे येऊ. नव्या सीटची किंमत घेऊन त्यातून वर्षामागे काही टक्के वजा करायचे, अशी बहुतेकांची पद्धत असते. माझ्या मते इथे ती लागू पडत नाही. चंद्रपूरमध्ये जुन्या टूरिंग सीटची खरी स्पर्धा नव्या सीटशी नाही, सीट शिवणाऱ्या कारागिराशी आहे. गिऱ्हाईक आपली मूळ सीट त्याच्याकडे नेऊन म्हणू शकतो की यात चांगला फोम घाल, पाठीमागे रुंद कर, वरून नवे रेक्झिन चढव. त्याला लागेल तेवढी मजुरी आणि मालाची किंमत ही तुमच्या सीटच्या भावाची वरची मर्यादा. त्यापेक्षा जास्त मागितले तर गिऱ्हाईक कारागिराकडे जाईल, आणि त्याने जायलाच हवे. तुमची सीट त्या मर्यादेच्या जवळ जाते ती एका कारणाने. ती तयार आहे, बसवून पाहता येते, आणि मूळ सीट फाडावी लागत नाही. म्हणून भाव सांगण्याआधी एखाद्या कारागिराकडे जाऊन त्याचा दर विचारावा. वेळ फार लागत नाही आणि घासाघीस निम्मी कमी होते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि त्यासारख्या कामासाठी त्यांना, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर, २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे की गाडीत दोष आहे की नाही हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब उरतात. मग भाव आणखी उतरतो. जुन्या सीटच्या बाजारात हे हुबेहूब घडते. कोपऱ्यावरची भेग लपवलेली एखादी सीट शहरात फिरली की पुढच्या प्रत्येक प्रामाणिक विक्रेत्याला त्याची झळ बसते. स्पेन्स यांनी दाखवलेली वाट अशी की चांगल्या मालाच्या मालकाने अशी खूण दाखवावी जी खराब मालाच्या मालकाला दाखवता येणार नाही. सीटच्या बाबतीत ती खूण म्हणजे खालच्या बाजूचा दिवसाउजेडातला फोटो, पट्टी धरून घेतलेला फोटो, खरेदीची पावती, आणि प्रत्येक दोषाचा जवळून घेतलेला फोटो. दोषाचा फोटो स्वतःहून दिला की उरलेल्या सीटवर घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

या माहितीत एक गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात उपयोगी आहे. स्वतःचे वजन आणि उंची सांगा. नव्वद किलोच्या माणसासाठी बनवलेल्या कठीण फोमवर साठ किलोचा माणूस बसला तर फोम दाबलाच जात नाही, हाडे टोचतात. उलट हलक्या स्वारासाठी घडवलेल्या सीटवर जड माणूस तळाला लागतो. शिवाय सीटवर जेवढे किलोमीटर झाले, त्यातले किती दोघे बसून झाले, गाडी सावलीत होती की उघड्यावर, हेही सांगावे. दोन ओळींत हे मावते आणि चुकीचा गिऱ्हाईक दारापर्यंत येत नाही.

वर्णनाला कायद्याचेही बळ आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. ‘नवी क्लासिक’ म्हणून जुन्याची सीट दिली तर ती नुसती गैरसमजूत राहत नाही. मालकीचाही प्रश्न असतो. उभ्या गाडीवरून सीट काढून नेण्याच्या चोऱ्या होतात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून घेणाऱ्याने पावती, निदान सीट तुमच्या गाडीवर बसवलेली असतानाचा जुना फोटो मागितला, तर राग मानू नये. पण आरसी किंवा आधारचा फोटो अनोळखी माणसाला पाठवायची गरज नाही. तसेच, पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. ‘पैसे येण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे कुणी म्हटले, तर तो तुमचे पैसे काढायला बसला आहे. फोन तिथेच ठेवावा.

मागच्या सीटविषयी आणखी एक कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२८ म्हणते की मागे बसणारा एकच असावा आणि तो गाडीला पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच असावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागच्यासाठी धरायची मूठ आणि पाय ठेवायची जागा लागते, आणि मागच्या चाकाच्या निम्म्या भागाला आडोसाही लागतो. टूरिंग सीट बसवताना मागची मूठ काढावी लागत असेल, किंवा सीट एकट्यासाठीच असेल, तर घेणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे. आपल्याकडे मागे बायको, मूल आणि बाजाराची पिशवी असते, एकट्याची गाडी क्वचितच असते.

विकायची वेळ म्हणाल तर पावसाळा संपता-संपता. ताडोब्याचा गाभा १ ऑक्टोबरला उघडतो. आत दुचाकीला परवानगी नाही, पण मोहर्ली-चिमूरच्या बाजूचे रस्ते तेव्हापासून बाहेरगावच्या स्वारांनी भरतात आणि दिवाळीनंतर लांबच्या सहलींची आखणी सुरू होते. मे महिन्यात सीट कुणी विचारत नाही. सिरोंच्याच्या माणसाने गिऱ्हाईक फक्त महाराष्ट्रात शोधू नये. गोदावरीवरचा कालेश्वरमचा पूल झाल्यापासून मंचेरियाल, करीमनगर नागपूरपेक्षा जवळ आहेत आणि तिकडे तेलुगूत दोन वाक्ये लिहिली तर प्रतिसाद लवकर येतो. लांब पाठवायची असेल तर बल्लारशाह, वडसा किंवा चंद्रपूर स्टेशनवर चौकशी करावी, नाहीतर एसटीचे पार्सल. खोक्यात सीट सरळ ठेवावी. पुढचे निमुळते टोक वाकून राहिले तर फोम तसाच बसतो, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याचा आधार द्यावा. वर ‘ओझे ठेवू नये’ असे मोठ्या अक्षरात लिहावे. हुक आणि बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून ती पिशवी बेसला बांधावी, कारण खोक्यात सुटा बोल्ट रेक्झिन फाडतो.

काही सीटांना गिऱ्हाईक मिळतच नाही. मॉडेल बंद झालेले असते, फोम संपलेला असतो. तेव्हाही ती सीट फेकायची नसते. बेस धड असेल तर सीट कारागीर तो घेतो. नवे साचे सहज मिळत नाहीत, त्यामुळे चांगला बेस त्याच्या कामाचा असतो. जेलचा पॅड शाबूत असेल तर तो कापून दुसऱ्या गाडीच्या सीटमध्ये बसवता येतो, आणि ज्या गुरुजींचा किंवा वनरक्षकाचा उल्लेख वर आला त्यांच्यासारख्यांच्या रोजच्या गाडीला तो कमी खर्चात मिळू शकतो. माझ्या ओळखीच्यांना मी हेच सुचवतो. उरलेल्या फोमच्या तुकड्यांचा मात्र विस्तव करू नका. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू निघतो, रेक्झिनमधल्या पीव्हीसीतून आम्लाचा धूर निघतो. डिसेंबरच्या थंडीत वस्तीवर शेकोटी पेटते तेव्हा जुनी सीट त्यात टाकण्याचा मोह होतो, आणि त्या शेकोटीभोवती लहान मुले बसलेली असतात. फोमचे तुकडे पोत्यात भरून भंगारवाल्याला किंवा कारागिराला द्यावेत, ते उशांत आणि गाद्यांत भरायला कामी येतात.